पिशवी काढायच्या आधी

(कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचं हे पत्र जागेसाठी थोडं आटोपतं घेतलं आहे. भाषा ताईंचीच ठेवली आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय.)

"डॉक्टरताई, नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहतो, वय ४७. घरी कांदा-लसूण चटणीचा धंदा आहे. दोन मुलं, त्यानंतर ऑपरेशन झालंय. दीड वर्ष झालं, पाळीचा काय मेळच नाही. दोन-दोन महिने येत नाही आणि आली की दहा-बारा दिवस हटत नाही, रक्ताच्या गाठी पडतात. रात्री तीनला घामानं भिजून उठतो, पंखा पाचवर करतो, तर थंडी वाजते म्हणून मालक बंद करतात. छातीत धडधडतंय म्हणून ईसीजी काढला, चांगला आला. महिला दिनाच्या पॅकेजमध्ये हार्मोनची तपासणी केली. एफएसएच ४२ आला. लॅबमधली पोरगी म्हणाली, काकी, पाळी गेली तुमची. मेमध्ये परत पाळी आली म्हणून पुन्हा तपासलं, तर ८ आला. आता खरं काय धरायचं? जाऊबाईंनी ३८ व्या वर्षी पिशवी काढली. त्या म्हणतात, काढून टाक, सुटशील. दवाखान्यातपण म्हणाले, मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम आहे? हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का म्हटलं, तर लेक म्हणते, त्यानं कॅन्सर होतो. चिडचिड तर इतकी की परवा सासूबाईंच्या अंगावर ओरडलो आणि मग न्हाणीत जाऊन रडलो. मी वेडी व्हायला लागलोय का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुम्ही वेड्या होत नाही आहात. रात्री तीन वाजता भिजून उठणारी, महिन्यातले बारा दिवस रक्त जाणारी आणि तरीही सकाळी भट्टीपुढं उभी राहून मिरची भाजणारी बाई चिडली, तर तिच्या डोक्यात बिघाड झाला असं कुणी म्हणू नये. तुमच्या अंगात जे चाललंय त्याला कारण आहे आणि त्यावर उपायही आहेत. तुम्ही चार प्रश्न विचारलेत. त्यातला पिशवीचा मला सगळ्यात जास्त टोचला. पण तिथं पोचायला रिपोर्टांच्या वाटेनं जावं लागेल.

तुमचे दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. लॅबची चूक झालेली नाही.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. ती दर महिन्याला अंडाशयांना हाक मारते, 'एक बीज तयार करा.' एफएसएच म्हणजे ती हाक. अंडाशयातलं बीज वाढायला लागलं की त्यातून इस्ट्रोजेन तयार होतं. ते रक्तातून वर पोचलं की पिट्युटरीला कळतं, काम सुरू झालं, आणि ती गप्प बसते. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पाळी जायच्या सुमाराला हजाराच्या आसपास राहतात, आणि जी राहतात ती हाकेला सहजासहजी दाद देत नाहीत. मग पिट्युटरी आवाज चढवते. मार्चमध्ये तुमची हाक ४२ पर्यंत गेली होती. मेमध्ये कुठल्यातरी एका बीजानं ओ दिली, इस्ट्रोजेन वाढलं, हाक ८ वर आली. जुलैमध्ये तपासलंत तर तिसराच आकडा येईल.

म्हणून ४५ च्या पुढच्या बाईला, पाळीचा घोळ आणि गरम वाफा (अंगातून एकदम येणारा उष्णतेचा भपका) अशी स्पष्ट लक्षणं असताना, एफएसएच तपासायची गरजच नसते. तो त्या दिवसाचा आकडा असतो. 'पाळी गेली' हे लॅब ठरवत नाही, स्वयंपाकघरातली दिनदर्शिका ठरवते. सलग बारा महिने पाळी आली नाही, की शेवटच्या पाळीला रजोनिवृत्ती झाली असं मागं वळून म्हणायचं. आपल्याकडं हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, अमेरिका-युरोपात ५१ च्या आसपास. तुम्ही त्याच्या अलीकडच्या टप्प्यात आहात आणि हा टप्पा चार-चार, काहींना आठ वर्षंही चालतो. (चाळिशीच्या आत पाळी थांबली, तर गोष्ट वेगळी. तिथं या तपासण्या करायलाच हव्यात.)

या टप्प्यात इस्ट्रोजेन एका सरळ रेषेत खाली येत नाही, हे नीट लक्षात घ्या. ते वरखाली होतं. एखाद्या महिन्यात तिशीतल्यापेक्षाही जास्त असतं, पुढच्या महिन्यात तळाला जातं. खरं आधी कमी होतं ते दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन. बीज फुटून बाहेर पडलं तरच ते तयार होतं, आणि आता बरेच महिने बीज फुटतच नाही. या दोघांचं काम भाताच्या शेतासारखं आहे. इस्ट्रोजेन पिशवीच्या आतलं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ते पक्व करतं आणि वेळ झाली की एकदम कापणी होते. कापणीवाला आलाच नाही, तर पीक नुसतं वाढत राहतं आणि मग कसंही, कुठूनही, तुकड्या-तुकड्यानं गळून पडतं. दोन महिने काही नाही आणि मग बारा दिवस गाठी, हे बहुतेक असंच होतंय.

मी 'बहुतेक' म्हणते, कारण न तपासता कुणीच याहून पुढं बोलू नये. इथंच मला तुमच्याशी थोडं कडक बोलायचं आहे. दीड वर्ष! 'वयाचं आहे, जाईल' म्हणत आपल्या बायका रक्त अंगावर काढतात. पाळी पुढं-मागं होणं वयाचं असतं. दहा-बारा दिवस गाठी पडणं हे तपासायचं असतं, वय कितीही असो. या आठवड्यात हिमोग्लोबिन करून घ्या. बायकांत १२ च्या खाली गेलं की रक्त कमी. तुमची धडधड, आणि चढताना दम लागत असेल तर तो, त्यातला किती वाटा रक्त कमी असण्याचा आहे ते त्यावरून कळेल. ईसीजी चांगला आला म्हणून धडधड खोटी ठरत नाही. सोबत थायरॉइडची टीएसएच तपासणी करा, कारण थायरॉइड बिघडलं की घाम, धडधड, चिडचिड, पाळीचा घोळ हे सगळं हुबेहूब असंच दिसतं. आणि पिशवीची सोनोग्राफी, शक्यतो आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेली. त्यात पिशवीतच वाढणाऱ्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, आहेत का आणि अस्तर किती जाड आहे ते दिसतं. अस्तर जाड असेल किंवा डॉक्टरांना शंका वाटली, तर आतला छोटा तुकडा घेऊन तपासायला पाठवतात. 'तुकडा' शब्दानं घाबरू नका. कॅन्सर नाही ना, हे पक्कं करायचा तो मार्ग आहे, आणि तो पिशवी काढायच्या आधी करायचा असतो.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाही, पण कोल्हापुरात प्रॅक्टिस करणारी प्रत्येक डॉक्टर विचारते. नवरात्रात अंबाबाईला, चैत्रात जोतिबाला, घरच्या गौरी-गणपतीला पाळी आड येऊ नये म्हणून गोळ्या घेतल्या होत्या का? मेडिकलमधून परस्पर मिळतात, जाऊबाई-नणंदा एकमेकींना देतात. त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्याच जातीच्या असतात. थांबवल्या की चार दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. आधीच गोंधळलेल्या पाळीत या गोळ्यांची भर पडली, की डॉक्टरलाही सुतावरून स्वर्ग गाठावा लागतो. घेतल्या असतील तर लाजू नका, तारखेसकट सांगा.

आता पिशवीचं.

माझ्या आईची पिशवी ती ४१ वर्षांची असताना काढली. तेव्हा मी शाळेत होते. अंगावरून जास्त जायचं, दवाखान्यात सांगितलं काढून टाका, काढली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, हे आईला कुणी सांगितलंच नाही. मी डॉक्टर झाल्यावर ट्रंकेतला पिवळा पडलेला कागद वाचला, तेव्हा घरात पहिल्यांदा कळलं. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत तिला वाफा सुरू झाल्या. आजी म्हणायची, 'ऑपरेशनची उष्णता बाधली,' आणि सब्जा भिजवून द्यायची. पन्नाशीत आईची पाठ वाकली. ६३ व्या वर्षी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती कधी एकटी जिना उतरली नाही. म्हणून 'आता पिशवीचं काय काम आहे' हे वाक्य मी ऐकून सोडून देऊ शकत नाही.

पिशवी आणि अंडाशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. वाफा, घाम, झोप, चिडचिड, हाडं हा सगळा हार्मोनचा कारभार अंडाशयांचा. पिशवीतून फक्त रक्त जातं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबेल, पण तुमच्या रात्री तीनच्या घामात काडीचा फरक पडणार नाही. अंडाशयंही काढली, तर जो उतार चार-आठ वर्षांत हळूहळू उतरायचा, तो तुम्ही एका दुपारीत कड्यावरून उडी मारल्यासारखा उतराल. वाफा जास्त जोरात येतात. ४५ च्या आत अंडाशयं काढून वरून हार्मोन दिले नाहीत, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या ऑपरेशननं 'सुटशील' असं सांगितलं जातंय, ते तुमच्या निम्म्या तक्रारींना हातही लावणार नाही, किंवा त्या वाढवेल.

आपल्याकडच्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात, उसाच्या फडाकडंला पालं पडतात. त्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची गोष्ट २०१९ साली राज्यभर गाजली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तिशी-पस्तिशीतल्या. खाडा झाला की पैसे कापले जातात, फडात न्हाणी नाही, पाणी नाही, पाळी म्हणजे नुसता तोटा. त्यांच्यापुढं दुसरी वाट ठेवलीच नव्हती. तुमच्यापुढं आहे, ताई. म्हणून एवढं तळमळून लिहिते आहे.

जास्त रक्तस्रावावर आधी औषधं असतात. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या, रक्त कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत. ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन देऊन 'कापणी' वेळेवर करता येते. हार्मोन असलेली एक तांबीसारखी छोटी वस्तू पिशवीत बसवतात, ती वर्षानुवर्षं थेट अस्तरावर काम करते, आणि कित्येक बायकांचं ऑपरेशन तिच्यामुळं टळतं. काही वेळा पिशवी काढणंच योग्य असतं, हेही सांगते. कॅन्सर असेल, मोठमोठ्या गाठी असतील, औषधं नीट देऊनही रक्त थांबत नसेल, तर मी स्वतः काढा म्हणते. पण मग तीन प्रश्नांची उत्तरं आधी मिळाली पाहिजेत. मला नेमकं झालंय काय? औषधानं का भागणार नाही? माझी अंडाशयं ठेवणार का, आणि काढणार असाल तर का? ही उत्तरं कागदावर मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पैशाची अडचण असेल तर सीपीआरच्या, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, स्त्रीरोग विभागात दाखवा. तिथं मेडिकल कॉलेजचे डॉक्टर बघतात.

रात्रीच्या घामाबद्दल. आपल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीला टेकलं की ते आपोआप उघडतात, आणि अख्खं कोल्हापूर 'कितवा उघडला' म्हणून फोन करत बसतं. मेंदूतही अंगाच्या उष्णतेसाठी अशीच व्यवस्था आहे. उष्णता एका पातळीच्या वर गेली की दरवाजे उघडतात, कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम सुटतो, अंग थंड होतं. इस्ट्रोजेन पुरेसं असतं तेव्हा खालची आणि वरची पातळी यात ऐसपैस अंतर असतं. इस्ट्रोजेन घटलं की या व्यवस्थेतल्या मेंदूच्या पेशी फाजील जाग्या राहतात आणि ती जागा अरुंद होते. मग गोधडी जरा वर ओढली, चहाचा कप हातात घेतला, एवढ्या वाढीनंही सातही दरवाजे उघडतात. छातीतून भपका वर येतो, तोंड तापतं, धडधड होते, घामाच्या धारा, आणि दोन-चार मिनिटांत सगळं ओसरून उलट हुडहुडी. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, शरीरात मोजता येणारी घटना आहे. अमेरिकेत हजारो बायकांना वर्षानुवर्षं पाहून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात वाफांचा काळ सरासरी सात वर्षांहून जास्त निघाला. 'सहा महिने सोस, जाईल' या सल्ल्यात म्हणूनच अर्थ नाही.

तुमचा धंदाच भट्टीपुढचा. चटणी बंद करा असं मी म्हणणार नाही, त्या चटणीवर तुमचं घर उभं आहे. मिरची-मसाला भाजायचं काम पहाटे घ्या, पंख्याचा वारा पाठीमागून येईल असं बसा, सुती कपडे घाला, आणि त्या दोन तासांत चहा नको. झणझणीत तांबडा रस्सा, मिसळीचा कट, गरम चहा यांनी काही जणींना लगेच वाफ येते, काहींना अजिबात नाही. आठ दिवस पाहा आणि तुमचं तुम्ही ठरवा. रस्सा रात्रीच्या ऐवजी दुपारी खाल्लात तरी फरक पडेल. झोपताना मालकांना वेगळी चादर आणि पंखा तुमच्या बाजूला, ही वाटणी आजच करून टाका. आणि त्यांना हे पत्र वाचायला द्या. बऱ्याच पुरुषांना बायको चिडते एवढंच दिसतं. ती चार महिने सलग झोपलेली नाही, हे कुणी सांगितलेलं नसतं. मी तर नवऱ्यांना आत बोलावून सांगते.

चिडचिडीचं मूळ बरंचसं त्या मोडलेल्या झोपेत आहे. उरलेलं इस्ट्रोजेनच्या वरखाली होण्यात, कारण मेंदूतल्या मन स्थिर ठेवणाऱ्या रसायनांशी त्याचा संबंध असतो. शब्द ऐन वेळी न आठवणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं हेही या काळात होतं आणि बहुतेक जणींचं पुढं सुधारतं. मात्र सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर तो निराशेचा आजार आहे. त्याला वेगळे उपचार आहेत आणि त्यासाठी थांबायचं नाही.

तुम्ही लिहिलं नाही, कुणीच लिहीत नाही, पण चार ओळी त्यावरही. इस्ट्रोजेन घटलं की योनीमार्गाची आणि लघवीच्या जागेची त्वचा पातळ, कोरडी होते. संबंध दुखतात, लघवीला जळजळ होते, शिंकलं की थेंब जातात. वाफा कालांतरानं थांबतात, हा कोरडेपणा उपचाराशिवाय सहसा वाढतच जातो. जागेवर लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, अगदी थोडी मात्रा लागते, अंगात फारशी भिनत नाही. बायका दहा-दहा वर्षं नवऱ्याला चुकवत राहतात आणि त्याचं कारण सुटण्यासारखं असतं, हे फार वाईट वाटतं.

आता हाडं. आईमुळं या विषयावर मी जरा लांबते, माफ करा. हाड हे जिवंत असतं. जुनं पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवं भरणाऱ्या पेशी यांचं काम सतत चालू असतं. इस्ट्रोजेन पोखरणाऱ्यांना आवर घालतं. ते गेलं की पोखरणं पुढं जातं, भरणं मागं राहतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा दहा ते वीस टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो, आणि दुखत काहीच नाही. कळतं ते मनगट मोडल्यावर. आत्ता, ४७ व्या वर्षी, तुमच्या हातात वेळ आहे. पाळी गेल्यानंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असतं, मोठ्या ग्लासभर दुधात अडीचशेच्या आसपास. म्हणजे दोन नाचणीच्या भाकऱ्या, दूध-दही आणि रोजच्या जेवणात तिळाची चटणी. कोल्हापुरात म्हशीच्या दुधाला तोटा नाही आणि घरातल्या बाईच्या वाट्याला मात्र चहातलंच दूध येतं. पैलवान पोराला तांब्याभर, आणि आईला साय काढून उरलेलं. हे बदला. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, घरात बसून काम करणाऱ्या बायकांत ते बहुधा कमीच निघतं. आणि रोज चाला. रंकाळ्यावर झपाझप अर्धा तास, जोडीला हातात वजन घेऊन व्यायाम. पाच-पाच किलोच्या चटणीच्या बरण्या उचलताय त्याचाही हाडांना उपयोगच होतो, फक्त गुडघ्यातून वाकून उचला. तुमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, तुम्ही स्टेरॉइड घेता का, यावरून हाडांची घनता मोजायची तपासणी कधी करायची ते डॉक्टर ठरवतील.

पाळी गेल्यावर वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी मांड्यांऐवजी पोटावर बसते, रक्तदाब आणि साखर डोकावायला लागते. वर्षातून एकदा या तीन गोष्टी मोजा.

लेकीला वाटणारी भीती कुठून आली ते सांगते. २००२ साली अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेली हार्मोन उपचारांची एक मोठी चाचणी मधेच थांबवली गेली. स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं. जगभर मथळे झाले, बायकांनी रातोरात गोळ्या टाकल्या. वाढ किती होती? दर १०,००० बायकांत वर्षाला ३० जणींना व्हायचा तो ३८ जणींना झाला. ही वाढ खरी आहे, मी ती लपवत नाही. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, आणि औषधंही जुन्या प्रकारची. पुढं त्याच आकड्यांचा वयाप्रमाणे पुन्हा अभ्यास झाला. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास असलेल्या आणि बाकी निरोगी बाईनं हार्मोन घेतले, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आज स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जगभरच्या संघटना मानतात. वाफांवर याच्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही, आणि हाडंही जपली जातात.

पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेन एकटं कधी द्यायचं नसतं, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. नाहीतर ते न कापलेलं अस्तर वाढत जाऊन पिशवीच्या कॅन्सरकडं जाऊ शकतं. त्वचेवर लावायच्या जेलनं रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, लकवा किंवा हार्ट अटॅक आलाय, यकृताचा आजार चालू आहे, त्यांना हे उपचार नकोत. त्यांच्यासाठी वाफा कमी करणाऱ्या बिनहार्मोनच्या गोळ्या आहेत. आणि कारण न कळलेला रक्तस्राव चालू असताना कुणालाच हार्मोन सुरू करत नाहीत. तुम्ही आज नेमक्या तिथं आहात. म्हणून आधी तपासणी, मग हा निर्णय. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नका.

एक गोष्ट घरातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवा. बारा महिने पाळी बंद राहिल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडं. 'परत पाळी सुरू झाली, अजून तरुण आहे' म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण कॅन्सर असेल तर तो याच डागानं लवकर सापडतो. आणि ज्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी हेही ऐका, या अनियमित काळातही दिवस राहू शकतात.

दवाखान्यात जाताना दिनदर्शिका बरोबर घ्या. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, रोज किती पॅड लागले, रात्री किती वेळा उठलात, एवढं गेल्या दोन-तीन महिन्यांचं आठवेल तसं लिहा आणि आजपासून रोज. डॉक्टरला त्या दोन्ही एफएसएच रिपोर्टांपेक्षा याचा जास्त उपयोग होईल. सासूबाईंपाशी दहा मिनिटं बसा. त्यांची पाळी कितव्या वर्षी गेली विचारा, तुमच्या आईलाही विचारा. आई-लेकींचं वय बऱ्याचदा जवळपास असतं. सासूबाईंनीही यातलं बरंच सोसलं असेल, फक्त त्यांना कुणी विचारलं नसेल.

आणि जाऊबाईंचा राग धरू नका, त्यांनी तुमच्या काळजीनंच सांगितलं. त्यांना एवढंच विचारा, ३८ व्या वर्षीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड कपाटात आहे का? त्यावर अंडाशयं ठेवली की काढली ते लिहिलेलं असेल. काढली असतील आणि त्यांनी आजवर हार्मोन घेतले नसतील, तर त्यांच्या हाडांची तपासणी तुमच्या आधी व्हायला हवी. ते कार्ड घेऊन दोघी एकाच दिवशी जा.